विश्लेषण : वाळू नाही, तरीही वाळवंटीकरण? महाराष्ट्राची निम्म्याच्या आसपास जमीन का खालावली?

पावसाळ्यात धरणांत किती टीएमसी पाणी आले, याचा आकडा रोज जाहीर होतो. त्याच पाण्याबरोबर शेतांमधून किती माती गेली, याचा आकडा मात्र कोणी देत नाही. ‘इस्रो’च्या अहमदाबाद येथील स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने उपग्रह छायाचित्रांच्या आधारे तयार केलेल्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे १ कोटी ४३ लाख हेक्टर जमीन वाळवंटीकरण किंवा अवनतीच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर होती. राज्याच्या एकूण भूभागाच्या हे प्रमाण ४६ टक्क्यांहून अधिक भरते. क्षेत्रफळाचा विचार केला तर राजस्थाननंतर महाराष्ट्राचाच क्रमांक लागतो. राज्यात वाळूच्या टेकड्या नाहीत, मग हे वाळवंटीकरण आहे तरी कसले? हवामान बदलाशी त्याचा संबंध काय? आणि इतक्या वर्षांच्या जलसंधारणानंतरही जमीन का खालावते आहे?

वाळवंटीकरण म्हणजे नेमके काय?

वाळवंट पुढे सरकत येऊन सुपीक जमीन गिळते, असे चित्र या शब्दाने डोळ्यांसमोर येते. शास्त्रीय अर्थ वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाळवंटीकरणविरोधी कराराने (१९९४) केलेल्या व्याख्येनुसार शुष्क, अर्धशुष्क आणि कोरड्या-दमट सीमेवरच्या प्रदेशांत हवामानातील चढउतार आणि मानवी हस्तक्षेप अशा कारणांनी होणारी जमिनीची अवनती म्हणजे वाळवंटीकरण. जमिनीची पीक, गवत किंवा झाड पोसण्याची ताकद कमी कमी होत जाणे, हा त्याचा गाभा आहे. वाळू असलीच पाहिजे, असे नाही.

एखादा प्रदेश किती कोरडा हे केवळ पावसावरून ठरत नाही. वर्षभरात पडणारा पाऊस आणि उष्णतेमुळे बाष्पीभवनातून उडून जाऊ शकणारे पाणी यांचे गुणोत्तर त्यासाठी काढले जाते. ते ०.६५ पेक्षा कमी असेल तर तो भाग कोरडवाहू पट्ट्यात मोडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माण, खटाव, सांगोला, जत, कर्जत, आष्टी यांसारखे तालुके आणि मराठवाड्याचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. कोकणातही माती वाहून जाते; पण तिथे भरपूर पाऊस असल्याने त्याला वाळवंटीकरण न म्हणता जमिनीची अवनती म्हणतात. परिणाम शेतकऱ्याला दोन्हीकडे सारखाच भोगावा लागतो.

आकडे काय सांगतात?

देशात २००३-०५ मध्ये ९ कोटी ४५ लाख हेक्टर, २०११-१३ मध्ये ९ कोटी ६४ लाख हेक्टर आणि २०१८-१९ मध्ये ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन अवनत असल्याचे या नकाशांत नोंदवले गेले. म्हणजे देशाच्या भूभागाच्या जवळपास ३० टक्के. देशात सर्वात मोठे कारण पाण्यामुळे होणारी धूप (सुमारे ११ टक्के भूभाग) हे आहे. त्यानंतर झाडोरा व गवताळ आच्छादनाचा ऱ्हास (सुमारे ९ टक्के) आणि वाऱ्यामुळे होणारी धूप (सुमारे साडेपाच टक्के) येते. महाराष्ट्रात वाऱ्याचा वाटा नगण्य आहे. येथे मुख्यत्वे पाणी माती नेते आणि उघड्या पडलेल्या डोंगर-माळांमुळे त्याला जोर मिळतो.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यायला हवी. ४६ टक्के जमीन खालावली याचा अर्थ तेवढी जमीन नापीक झाली, असा नाही. किंचित, मध्यम आणि तीव्र अशा सर्व पातळ्यांची बेरीज यात आहे. यातील बऱ्याच जमिनीत आजही पीक उभे असते. अडचण अशी की खत, बियाणे आणि डिझेलचा खर्च वाढवत नेला की काही वर्षे उत्पादन टिकते आणि जमीन खालावल्याचे लक्षातच येत नाही.

माती जाते म्हणजे किती जाते?

एक साधा हिशेब करून पाहू. एक हेक्टर म्हणजे १० हजार चौरस मीटर. त्यावरून फक्त एक मिलिमीटर मातीचा थर गेला, तर ती होते १० घनमीटर माती. एका घनमीटर मातीचे वजन सुमारे १.३ टन धरले, तर १३ टन. तीन टनांच्या ट्रॅक्टर ट्रॉलीने मोजायचे तर चारपेक्षा जास्त ट्रॉली. शेताच्या बांधावर उभे राहून एक मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. चार ट्रॉली माती कोणी भरून नेली असती, तर मात्र गावभर बोभाटा झाला असता.

देशपातळीवर सर्वाधिक उद्धृत होणारा अंदाज १९८३ चा आहे. त्यानुसार भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी १६ टनांहून अधिक, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास माती धुपते. एकूण ५३३ कोटी टन. त्यातील सुमारे २९ टक्के माती समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत गाळ म्हणून बसते आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊन पडते. दुसरीकडे, बेसॉल्टसारख्या कठीण खडकापासून एक सेंटिमीटर माती तयार व्हायला काही शतके लागतात. जमाखर्च इथेच बिघडतो. नांगरटीच्या शेतांतून माती जाण्याचा वेग ती तयार होण्याच्या वेगाच्या शंभर पटींहूनही अधिक असू शकतो, असे हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०१९ च्या जमीनविषयक अहवालात म्हटले आहे.

धूप होते ती टप्प्याटप्प्याने. उघड्या मातीवर थेंबांचा मारा बसतो आणि ढेकळे फुटतात. सुटलेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरणे थांबते आणि ते पृष्ठभागावरून वाहू लागते. आधी सालकाढी धूप होते, म्हणजे वरचा पातळ थर सर्वत्र सारखा निघून जातो. मग ओघळ पडतात आणि शेवटी घळी. शेतकऱ्याला घळ दिसते, पण जमिनीचा कस सालकाढी धुपीच्या काळातच निघून गेलेला असतो. कारण सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये वरच्या काही इंचांतच एकवटलेली असतात.

हवामान बदलामुळे काय बिघडते?

हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस लांबतो आणि पडतो तेव्हा कमी वेळात जास्त पडतो. पुण्यातील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. याच भागातील मोसमी पावसाचे एकूण प्रमाण मात्र घटत होते. महिन्याचा पाऊस चार दिवसांत पडला तर सरासरीच्या तक्त्यात फरक दिसणार नाही. मातीला मात्र तो जाणवतो, कारण ती जाते ती अशा मोजक्या मुसळधार सरींतच.

दोन सरींमधला खंड वाढतो, हा दुसरा फटका. खंडात माती तापते, गवत वाळते, जमीन उघडी पडते आणि पुढच्या सरीला आयतीच सापडते. तापमान वाढले की मातीतील सेंद्रिय पदार्थही लवकर कुजून संपतात. राज्यातील बहुतांश कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आहे. हा कर्ब मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतो आणि ओल धरतो. तो कमी झाला की तेवढ्याच पावसावर पूर्वी तगणारे पीक आता माना टाकते.

संबंध उलट दिशेनेही आहे. मातीतील कर्ब संपतो तेव्हा तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. मानवी हरितगृह वायू उत्सर्जनापैकी सुमारे २३ टक्के वाटा शेती, जंगल आणि जमिनीच्या वापराचा आहे, असे आयपीसीसीचा अहवाल सांगतो. हीच जमीन आणि तिच्यावरील वनस्पती दुसरीकडे कार्बन शोषूनही घेतात. खालावलेली जमीन ही ताकद गमावते. म्हणजे हवामान बदल जमीन बिघडवतो आणि बिघडलेली जमीन हवामान बदलाला हातभार लावते.

जगाचे चित्रही याला पुष्टी देते. वाळवंटीकरणविरोधी कराराच्या डिसेंबर २०२४ मधील अहवालानुसार २०२० पर्यंतच्या तीस वर्षांत पृथ्वीवरील तीनचतुर्थांशांहून अधिक भूभाग आधीच्या तीस वर्षांच्या तुलनेत अधिक कोरडा झाला. अंटार्क्टिका वगळता ४० टक्क्यांहून अधिक जमीन आता शुष्क पट्ट्यात मोडते.

दोष फक्त हवामानाचा आहे का?

नाही. उताराच्या दिशेने नांगरट आणि पेरणी, हलक्या जमिनीही लागवडीखाली आणणे, पिकांचे अवशेष जाळणे, शेणखत कमी होत जाणे, गायरानांवरील अतिक्रमणे आणि रस्ते-प्लॉटिंगसाठी टेकड्यांची मुरूम खोदाई ही सर्व माणसाची कामे आहेत.

जमीन पाण्याअभावीच खराब होते असेही नाही. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णा-पंचगंगेच्या काठची काळी कसदार जमीन उसाला दिलेल्या बेसुमार पाण्याने क्षारपड झाली. निचरा नसलेल्या जमिनीत पाण्याची पातळी वर येते, पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर साचतात. शिरोळ तालुक्यात सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइपांचे जाळे टाकून हे क्षार बाहेर काढायला सुरुवात केली आणि पांढऱ्या पडलेल्या रानांत पुन्हा पीक उभे राहिले. मात्र एकाचा निचरा दुसऱ्याच्या शेतातून जात असल्याने हे काम एकट्या शेतकऱ्याला जमत नाही. शेजाऱ्यांना एकत्र यावेच लागते.

शाश्वत भू-व्यवस्थापनात नेमके काय करतात?

सूत्र जुने आहे, ‘माथा ते पायथा’. डोंगरमाथ्यावर समतल चर आणि गवत, उतारावर अनघड दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती आणि सर्वात शेवटी ओढ्यावर नालाबांध. धावणाऱ्या पाण्याला चालायला, चालणाऱ्याला रांगायला आणि रांगणाऱ्याला मुरायला लावायचे. क्रम उलटा केला, तर वरून येणारी माती खालचा बंधारा दोन-चार पावसाळ्यांत भरून टाकते.

महाराष्ट्राकडे याचे धडे मुबलक आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात अभियंते विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला, भूमिहीनांनाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि शेतीसाठी बोअरवेल बंदी स्वीकारली. तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. जालना जिल्ह्यातील कडवंचीत इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाची कामे झाली आणि २०१२-१३ च्या दुष्काळात आसपासच्या मोसंबीच्या बागा वाळत असताना तेथील द्राक्षबागा तगल्या. तिन्ही ठिकाणी चर आणि बांध होतेच, पण त्याबरोबर पाणी कोणी, किती आणि कशासाठी वापरायचे याचे नियमही होते.

शेताच्या पातळीवर काय करता येते, याचा पुरावा हैदराबादजवळ पाटनचेरू येथील ‘इक्रिसॅट’च्या काळ्या जमिनीवर आहे. १९७६ पासून तिथे दोन पद्धती शेजारी शेजारी चालवल्या जात आहेत. एका बाजूला खरिपात रान मोकळे ठेवून फक्त रब्बीचे पीक घेण्याची जुनी पद्धत. दुसऱ्या बाजूला रुंद वरंबा-सरी, खरिपात आणि रब्बीतही पीक आणि खतांचे संतुलन. जुन्या पद्धतीत हेक्टरी सहा टनांहून अधिक माती दरवर्षी गेली, तर सुधारित पद्धतीत सुमारे दीड टन. धान्याचे सरासरी उत्पादन जुन्या पद्धतीत हेक्टरी सुमारे एक टन, तर सुधारित पद्धतीत सुमारे पाच टन मिळाले. हेच वरंबा-सरी तंत्र आज मराठवाडा-विदर्भात सोयाबीनसाठी ‘बीबीएफ’ या नावाने ओळखले जाते.

नेरळचे प्रयोगशील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांचे ‘सगुणा पुनरुत्थान तंत्र’ही (एसआरटी) याच दिशेचे आहे. वाफे एकदाच तयार करायचे, नांगरट करायची नाही आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. तण आवरण्यासाठी तणनाशकावर असलेली भिस्त हा त्यातील वादाचा मुद्दा आहे. मात्र नांगर जितका कमी फिरेल तितका कर्ब टिकतो, याविषयी फारसे दुमत नाही.

मग योजनांचे अडते कुठे?

जलसंधारणाकडे पाणी साठवण्याची योजना म्हणून पाहिले गेले, माती वाचवण्याची म्हणून नाही. ‘जलयुक्त शिवार’ अभियानावर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी उंचावण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असे ताशेरे ‘कॅग’ने २०२० मधील अहवालात ओढले. तपासणीसाठी निवडलेली गावे व कामे फारच थोडी होती, असा आक्षेप योजनेच्या समर्थकांनी घेतला. तो मान्य केला तरी एक प्रश्न उरतो. पोकलेनने नाला खोल-रुंद करणे दोन दिवसांत होते, फोटोही चांगला येतो. माथ्यावरचे चर आणि गवत यांना तीन-चार वर्षे आणि गावाची संमती लागते. निधी आणि मुदत पाहता यंत्रणेचा कल कुठे झुकणार, हे उघड आहे.

शेततळ्यांचेही तसेच. वाहून जाणारे पाणी अडवणे हा मूळ हेतू. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर टाकून बोअरचे पाणी उपसून तळी भरली जातात. भूजल सर्वांचे असते. तळ्यात आले की ते एकाचे होते, आणि उन्हाळ्यात त्यातील बरेच पाणी उडून जाते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातील गाळ पुन्हा शेतात जातो, हे चांगलेच. पण पावसाने फुकट नेलेली माती आपण डिझेल जाळून परत आणतो आहोत. ती जागेवरच थांबवणे स्वस्त पडले असते.

बांधबंदिस्तीचा खर्च आज करावा लागतो आणि फायदा पाच-दहा वर्षांनी दिसतो, ही खरी गोम आहे. वाट्याने जमीन कसणाऱ्याला पुढच्या वर्षी तेच रान मिळेल याची खात्री नसते. तो बांध का घालेल? चराईबंदीने गावाचा डोंगर हिरवा होतो, पण शेळ्यामेंढ्यांवर जगणारे धनगर आणि भूमिहीन कुटुंबे चारा कुठून आणणार? ज्या गावांनी या प्रश्नाचे उत्तर आधी शोधले, तिथेच कामे टिकली.

झाडे लावली की झाले, असे का नाही?

सोलापूर, पुणे, अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळराने कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून गणली जातात. प्रत्यक्षात त्यातील अनेक नैसर्गिक गवताळ प्रदेश आहेत. गवताच्या मुळांचे जाळे माती घट्ट धरून ठेवते. माळढोक, लांडगा, चिंकारा आणि मेंढपाळ या सर्वांचा आधार हेच माळ आहेत. तिथे खड्डे खणून रोपे लावली तर उद्दिष्टाचा आकडा गाठला जातो, पण बांधलेली माती सुटी होते. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे, त्यामागेही हाच विचार आहे.

भारताने काय कबूल केले आहे?

ग्रेटर नोएडात सप्टेंबर २०१९ मध्ये झालेल्या वाळवंटीकरणविरोधी कराराच्या १४ व्या परिषदेत भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर खालावलेली जमीन सुधारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. आधीचे उद्दिष्ट २ कोटी १० लाख हेक्टरचे होते. ‘भू-अवनती समतोल’ ही यामागची संकल्पना ताळेबंदासारखी आहे. जेवढी जमीन खालावेल, निदान तेवढी सुधारलीच पाहिजे. इस्रोचे नकाशे मात्र सांगतात की २०११-१३ ते २०१८-१९ या काळात देशातील अवनत जमीन १४ लाख हेक्टरांहून अधिक वाढली. काही जमीन सुधारली, पण बिघडलेली त्याहून जास्त होती.

हा केवळ पर्यावरणाचा खर्च नाही. ‘टेरी’ या संस्थेच्या अभ्यासानुसार जमिनीची अवनती आणि भू-वापरातील बदल यांची किंमत २०१४-१५ मध्ये देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के, म्हणजे तीन लाख कोटी रुपयांहून अधिक होती. त्याच्या तुलनेत केंद्राच्या पाणलोट कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात सपाट भागासाठी हेक्टरी २२ हजार रुपयांचा खर्च धरला आहे. आधी तो १२ हजार होता.

पुढे काय करायला हवे?

पहिली गरज मोजणीची आहे. प्रत्येक पाणलोटात किती पाणी अडले याबरोबरच किती माती थांबली आणि सेंद्रिय कर्ब किती वाढला, याची नोंद झाली तर योजनांचे खरे मूल्यमापन होईल. जमीन आरोग्यपत्रिकेतून कर्बाचे प्रमाण शेतकऱ्यापर्यंत आजही पोहोचते. दर काही वर्षांनी त्याच शेताची तुलना झाली तर आपली जमीन चढते आहे की उतरते आहे, हे त्याला कळेल.

दुसरी गरज देखभालीच्या पैशाची. चर बुजतात, बांध फुटतात. पण योजनेचा निधी काम पूर्ण झाले की संपतो. तिसरी गरज पीकरचनेची. अडवलेले पाणी उसाकडे किंवा केळीकडे वळणार असेल, तर कितीही चर खणले तरी पुढच्या दुष्काळात टँकर लागणारच.

शेतकऱ्याच्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत. उताराला आडवी पेरणी, बांधावर गवत, सोयाबीनचे किंवा तुरीचे काड न जाळता रानात ठेवणे, पहिल्या मोठ्या पावसाच्या वेळी जमीन उघडी राहणार नाही याची काळजी घेणे. यातील कशालाही मोठे यंत्र लागत नाही. फायदा मात्र एका हंगामात दिसत नाही, आणि कर्जाचा हप्ता दर हंगामाला येतो. हे अंतर भरून काढण्यासाठी सरकार काय देणार, यावर १ कोटी ४३ लाख हेक्टरांपैकी किती जमीन पुढच्या नकाशात सुधारलेली दिसेल, हे ठरेल.